दोन प्रश्नांचा अर्ज

अमेरिकेत शिकणाऱ्या मराठी मुलांच्या गोष्टी आपल्याकडे साधारण दोनच प्रकारे सांगितल्या जातात. एक पेढ्यांच्या पुड्यासोबत, दुसरी दार लोटून घेतल्यावर. पहिलीत मुलाला मोठ्या विद्यापीठात प्रवेश मिळालेला असतो आणि पगाराचा आकडा रुपयांत करून सांगितला जातो. दुसरीत मुलगा 'तिकडचाच झालेला' असतो. या दोन्ही गोष्टींत मूल नापास होत नाही. मराठी मूल अमेरिकेत नापास होते, सरकारी मदतीवर शिकते, ती मदत बंद होते आणि मग ती परत मिळावी म्हणून त्याला अर्ज करावा लागतो, ही गोष्ट मी कुठल्याही लग्नात किंवा बारशात ऐकलेली नाही. पण ती घडते. २०२३च्या उन्हाळ्यात न्यू जर्सीत भाचीकडे राहायला गेलो होतो, तेव्हा ती मी दोन महिने जवळून पाहिली. ज्या मुलीची ती आहे तिच्या परवानगीनेच लिहितो आहे. मात्र तिचे नाव, कॉलेजचे नाव काहीच देणार नाही.

आधी थोडे कुटुंबाविषयी, कारण अमेरिकेतले नातेवाईक म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे संगणकवालेच येतात. भाचीचे यजमान इथे एका पतसंस्थेत होते. त्यांची थोरली बहीण अमेरिकन नागरिक. तिने भावासाठी अर्ज केला आणि तब्बल तेरा वर्षे रांगेत काढल्यावर २०१६ साली या कुटुंबाला ग्रीन कार्ड मिळाले. तोवर भाचीची मुलगी तेरा वर्षांची झाली होती. चाळिशी उलटल्यावर परदेशी गेलेल्या माणसाला पतसंस्थेतला अनुभव दाखवून तिकडे नोकरी मिळत नाही. जावई गोदामात रात्रपाळी करू लागले, भाची एका औषधांच्या दुकानात काउंटरवर उभी राहू लागली. अशा मिळकतीच्या घरातली मुलगी राज्याच्या विद्यापीठात जाते ती सरकारी मदतीच्या बळावरच.

या मदतीचा कणा म्हणजे पेल ग्रँट. लिंडन जॉन्सन यांनी १९६५ साली उच्च शिक्षणाचा कायदा केला आणि त्यावर सही करायला ते टेक्ससमधल्या आपल्या जुन्या कॉलेजात गेले होते. गरीब घरच्या विद्यार्थ्याला थेट अनुदान देण्याची योजना त्यात १९७२ साली आली आणि १९८०पासून तिला ऱ्होड आयलंडचे सेनेटर क्लेबोर्न पेल यांचे नाव मिळाले. हे कर्ज नव्हे, फेडायचे नसते. २०२३-२४ या वर्षासाठी तिची कमाल रक्कम ७,३९५ डॉलर होती. त्या वेळच्या भावाने सहा लाख रुपयांच्या आसपास. परदेशातून व्हिसावर शिकायला आलेल्यांना ती मिळत नाही, ग्रीन कार्डवाल्यांना मिळते. आपल्या इंजिनिअर मुलांच्या तोंडी हे नाव फारसे नसते, त्याचे कारण हेच.

पण फुकटच्या पैशालाही अट असते. १९७६ साली कायद्यात असे आले की मदत घेणाऱ्याने अभ्यासात 'समाधानकारक प्रगती' दाखवली पाहिजे. तिकडे तिच्या आद्याक्षरांवरून तिला नुसते 'सॅप' म्हणतात. आज लागू असलेल्या नियमांची घडण १ जुलै २०११पासूनची.

माझी बत्तीस वर्षे एका राष्ट्रीयीकृत बँकेत गेली, त्यातली निम्मी कर्ज विभागात. त्यामुळे हे नियम वाचताना मला खरे सांगायचे तर मजा आली. भाचीला हे सांगण्याची सोय नव्हती, कारण घरात सुतक असल्यासारखे वातावरण होते.

नियम तीन गोष्टी मोजतो. पहिली म्हणजे गुणांची सरासरी. चारपैकी दोन, म्हणजे 'सी', ही दुसऱ्या वर्षाच्या अखेरीस गाठायची पातळी. दुसरी गोष्ट वेग. जितके क्रेडिट घेतले त्यातले किती पूर्ण केले, याची टक्केवारी बहुतेक ठिकाणी ६७ लागते. ही ६७ आली कुठून? तिसऱ्या नियमातून. पदवीसाठी जितके क्रेडिट लागतात त्याच्या दीडपट प्रयत्नांत ती संपली पाहिजे. १२० क्रेडिटची पदवी असेल तर १८०पर्यंत मुभा. आता १२०ला १८०ने भागा, ६६.६७ येतात. म्हणजे वेगाची अट ही त्या दीडपटीचीच दुसरी बाजू आहे. ज्याने हा नियम लिहिला त्याला व्याजाची कोष्टके आवडत असणार.

यात एक खाच आहे आणि पुष्कळ मुले तिच्यात पडतात. विषय जड जात असेल तर सत्राच्या मध्यावर तो सोडता येतो. गुणपत्रकावर नापासाऐवजी नुसता 'डब्ल्यू' लागतो आणि सरासरी वाचते. सल्लागारही पुष्कळदा तसा सल्ला देतात. पण वेगाच्या हिशेबात सोडलेला विषय 'घेतलेला' धरला जातो, 'पूर्ण केलेला' नाही. एका खिडकीवर वाचवलेले दुसऱ्या खिडकीवर वजा होते, आणि दोन्ही खिडक्यांमधली माणसे आपापल्या परीने बरोबरच असतात. नापास झालेला विषय पुन्हा घेतला तर दोन्ही वेळा तो 'घेतलेला' म्हणून मोजला जातो. सत्राचा साठ टक्के काळ उलटण्याआधी सगळेच विषय सोडून घरी बसले, तर उचललेल्या मदतीतला काही भाग परत करण्याचीही पाळी येते.

आमच्या मुलीचा हिशेब असा होता. पहिल्या सत्रात पंधरा क्रेडिट, पंधराही पूर्ण, सरासरी तीन. दुसऱ्यात पंधरा घेतले, एक विषय सोडला, बारा पूर्ण. तिसऱ्यात पंधरा घेतले आणि फक्त तीन हाती लागले. दोन विषयांत नापास, दोन सोडलेले. चौथ्यात बारा घेतले, सहा मिळाले. एकूण ५७ घेतले, ३६ पूर्ण केले. वेग ६३ टक्के, सरासरी १.९४. दोन्ही रेषांच्या जरा खाली. काही कॉलेजे दर सत्राला तपासणी करतात आणि पहिल्यांदा घसरलेल्याला एका सत्राची ताकीद देऊन मदत चालू ठेवतात. हिचे कॉलेज वर्षातून एकदाच, मे महिन्यात, तपासत असे. तिथे ताकीद हा प्रकार नसतो. जूनच्या पहिल्या आठवड्यात ईमेल आला, मदत बंद.

मदत बंद म्हणजे कॉलेजातून काढले असे नव्हे. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत आणि घरातल्यांना हे समजायला दोन दिवस लागले. ती सप्टेंबरात खुशाल वर्गात बसू शकत होती, फक्त पैसे स्वतः भरायचे. पेल गेली, सरकारी कर्ज गेले, कॅम्पसवरची सरकारी योजनेतली नोकरीही गेली. न्यू जर्सी राज्याची 'टॅग' म्हणून जी मदत असते तिलाही प्रगतीची अट आहेच. ऑगस्टमध्ये बिल भरायचे होते.

जावयांनी पहिले काय केले असेल, तर कॉलेजला फोन. पलीकडच्या बाईने अत्यंत गोड आवाजात सांगितले की विद्यार्थिनीच्या लेखी संमतीशिवाय तुमच्याशी काहीही बोलता येणार नाही. जावई म्हणाले, "मी बाप आहे तिचा." बाई म्हणाली, "हो, समजलं." आणि पुन्हा तेच वाक्य. १९७४ सालचा त्यांचा एक कायदा आहे, त्यानुसार मूल कॉलेजात गेले की त्याच्या शैक्षणिक नोंदींवरचा हक्क आईबापांकडून त्याच्याकडे जातो. फोन ठेवून ते माझ्याकडे वळले. "मामा, तुमच्या बँकेत असं अपील यायचं का हो?" यायचे, मी म्हटले, पण त्याला आम्ही अपील म्हणत नव्हतो; साहेबांना भेटणे म्हणत होतो. इथे भेटायला साहेबच नव्हता. होता फक्त एक फॉर्म आणि त्याच्यासोबत जोडायचे पत्र.

अपिलाची सोय ठेवणे कॉलेजांवर बंधनकारकही नाही. पुष्कळ ठेवतात. कॉलेजचा निर्णय शेवटचा असतो. त्याच्यावर वॉशिंग्टनच्या शिक्षण खात्याकडे दाद मागता येत नाही. मात्र अपील ऐकायचे तर काय विचारायचे, हे नियमात स्वच्छ लिहिले आहे. प्रश्न दोनच. प्रगती का झाली नाही? आणि आता असे काय बदलले आहे, की पुढच्या तपासणीच्या वेळी ती होईल? कारणे म्हणून नातेवाइकाचा मृत्यू, विद्यार्थ्याची स्वतःची दुखापत किंवा आजार, किंवा इतर विशेष परिस्थिती.

हे वाचताना मला आमच्या कर्ज विभागातली लोखंडी कपाटे दिसू लागली. लहान कारखाना आजारी पडला की मालक पुनर्वसनाचा प्रस्ताव आणत असे. आम्ही विचारायचो तेही हेच दोन प्रश्न. पहिल्याचे उत्तर तीन पाने. विजेची कपात, कच्च्या मालाचा भाव, मोठ्या कंपनीने थकवलेले बिल, भावाभावांतली फूट. सगळे बहुधा खरे असे. दुसऱ्याचे उत्तर शेवटच्या ओळीत. 'तरी यापुढे धंदा सुधारेल अशी खात्री आहे.' प्रस्ताव परत जात असे तो त्या शेवटच्या ओळीपायी, आणि मालकाला वाटे साहेबांना आपली दुःखे पटली नाहीत.

मुलीचा पहिला खर्डा मी वाचला तेव्हा तो अगदी त्याच घाटाचा निघाला. २०२२च्या ऑक्टोबरात तिच्या वडिलांच्या छातीत दुखू लागले, बायपास झाली, तीन महिने ते घरी होते. आईने जास्तीच्या पाळ्या घेतल्या. मुलगी एका किराणा दुकानात आठवड्याला तीस तास काम करू लागली, शिवाय वडिलांना डॉक्टरकडे नेणे-आणणे. हे सगळे तिने दीड पान लिहिले होते आणि शेवटी एक ओळ, की मी यापुढे खूप कष्ट करीन. त्यावर भाचीने स्वतःची भर घातली होती. ती आपल्याकडच्या अर्जाच्या वळणाची होती. आम्ही गरीब, परदेशी आलेले लोक आहोत, कृपा करावी, आजन्म ऋणी राहू. आपल्याकडे अर्ज म्हणजे हात जोडणे, आणि 'सविनय'ने सुरू होऊन 'उपकृत करावे'ने संपणारे हजारो कागद मी स्वतः मार्गी लावले आहेत. पण या समितीला दया करण्याचा अधिकारच नव्हता. तिला फक्त नियमाच्या दोन रकाने भरायचे होते. मी ती भर खोडली. भाचीला ते आवडले नाही.

खरी अडचण मात्र तारखांत होती. कर्जाचे कागद वाचणाऱ्या माणसाची नजर आधी तारखांवर जाते. वडील ऑक्टोबरात आजारी पडले, जानेवारीत कामावर परत गेले. तिसरे सत्र डिसेंबरात संपले होते. ते बुडाले हे समजण्यासारखे होते. पण चौथे? फेब्रुवारी ते मे या काळात तिने दुकानातली नोकरीही सोडली होती. मग कॅल्क्युलस आणि ऑरगॅनिक केमिस्ट्री दोन्ही का गेले? समितीतला कुणीही माणूस हे विचारणार, आणि पत्रात त्याला उत्तर नव्हते.

मी तिला हे विचारले ते संध्याकाळी फिरायला गेलो असताना. तिकडच्या वसाहतींत फिरायला रस्ते पुष्कळ आणि माणसे नाहीत. बोलायला बरे असते. ती आधी बराच वेळ काही बोललीच नाही. मग म्हणाली, "आजोबा, मी जातच नव्हते." कॉलेजला म्हणून निघायची, गाडी पार्किंगमध्ये लावायची आणि गाडीतच झोपायची. कधी चार तास, कधी सहा. घरी आल्यावर अभ्यास कसा चाललाय विचारले की छान म्हणायची. एप्रिलमध्ये तिच्या मैत्रिणीने तिला हाताला धरून कॉलेजच्या समुपदेशन केंद्रात नेले. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी नैराश्याचे निदान केले होते, उपचार सुरू झाले होते. घरात कुणाला पत्ता नव्हता.

आणखी एक गोष्ट तिने सांगितली, की तिला फार्मसी कधी करायचीच नव्हती. ते आईचे ठरलेले होते. औषधांच्या दुकानात काउंटरच्या अलीकडे उभ्या राहणाऱ्या आईला मुलगी काउंटरच्या पलीकडे, पांढऱ्या कोटात, उभी राहावी असे वाटत होते. यात चूक कुणाची काढायची?

आता पेच असा होता, की जी गोष्ट लपवलेली होती तीच अपिलाच्या दृष्टीने सर्वांत भक्कम होती. नियमातली यादी पुन्हा पाहा. विद्यार्थ्याचा स्वतःचा आजार तिच्यात नाव घेऊन आहे. वडिलांचा आजार 'इतर विशेष परिस्थिती'त येतो. म्हणजे मुलीने ज्या गोष्टीवर दीड पान लिहिले होते ती दुय्यम, आणि जिच्यावर एक अक्षर नव्हते ती मुख्य. पण ती लिहायची तर आधी घरात सांगायला हवी होती.

तिने ते सांगितले एका रविवारी, जेवणे झाल्यावर. भाची आधी रडली आणि मग, जशी आपल्याकडची कुठलीही आई म्हणेल तशी म्हणाली, "मामा, तू समजाव तिला. हे कागदावर नको. उद्या कुणी वाचलं तर? लग्नाच्या वेळी कुठून तरी निघतंच असलं."

मुलगी म्हणाली, "आई, ते वाचणारच आहेत. वाचण्यासाठीच लिहायचंय."

मी भाचीला एवढेच सांगितले, की ज्या कायद्याने जावयांना फोनवर गप्प केले तोच कायदा हा कागदही सांभाळेल. तिला ते कितपत पटले मला ठाऊक नाही. जावई या सगळ्यात एक शब्द बोलले नाहीत. रात्रपाळीला निघताना, बूट घालता घालता, खालीच बघत म्हणाले, "मला वाटत होतं, ही माझ्यामुळे नापास झाली." आठ महिने तो माणूस छातीवरच्या टाक्यांबरोबर हेही बाळगत होता.

त्यानंतरचे काम सोपे म्हणावे असे होते. पहिल्या प्रश्नाचे उत्तर तिने दोन परिच्छेदांत आणले, एक ऑक्टोबरचा, एक वसंत सत्राचा. केंद्रातल्या डॉक्टरीणबाईंनी दोन ओळींचे पत्र दिले. एप्रिलपासून उपचार चालू आहेत, सप्टेंबरात पूर्णवेळ शिकण्यास हरकत नाही. त्याहून जास्त तपशील द्यायचा नसतो आणि कुणी मागितलाही नाही. वडिलांच्या इस्पितळाची कागदपत्रे जोडली.

दुसऱ्या प्रश्नावर आम्ही तीन संध्याकाळी घालवल्या. 'कष्ट करीन' हे उत्तर नव्हे, कारण ते तपासता येत नाही. बदलले काय? नोकरी आता आठवड्याला फक्त दहा तास, तेही शनिवार-रविवार. दुकानमालकाची चिठ्ठी सोबत. उपचार चालू, पुढच्या तारखा अशा अशा. पंधराऐवजी बाराच क्रेडिट, म्हणजे पूर्णवेळ विद्यार्थी ठरण्यापुरते किमान. आणि विषय. ती सल्लागाराला भेटून आली, फार्मसीचा मार्ग सोडून सार्वजनिक आरोग्य हा विषय घेतला, त्या मार्गाचा सत्रवार आराखडा सल्लागाराच्या सहीनिशी आणला. हा आराखडा दीडपटीच्या आत बसतो का, तेही पाहिले. ५७ क्रेडिट घेऊन झाले होते, ८४ मिळवायचे उरले होते. पुढे एकही वाया गेला नाही तर १४१, मर्यादा १८०. पेल मिळण्याची आयुष्यभराची मर्यादा बारा सत्रांची असते, तिची चार झाली होती. तीही गाठ बसत होती.

मग मी माझ्या सवयीने पाकिटाच्या पाठीवर एक हिशेब मांडला. समिती अपील मान्य करताना दोन वाटांपैकी एक घेते. एका सत्रात विद्यार्थी रेषेवर येऊ शकत असेल तर त्या सत्रापुरते प्रोबेशन. येत नसेल तर लांबचा आराखडा आणि त्याच्यानुसार दर वेळी तपासणी. आमचा प्रश्न, एका सत्रात ही येईल का? बारा घेऊन बारा मिळवले तर ६९पैकी ४८, म्हणजे साडेएकोणसत्तर टक्क्यांच्या वर. वेग सुटला. सरासरी? तिचे ४८ क्रेडिट सरासरीत मोजले गेलेले, त्यांचे गुण ९३. बारा मिळवल्यावर ६० क्रेडिट, दोनच्या सरासरीला १२० गुण हवेत, म्हणजे २७ कमी. बारा क्रेडिटवर २७ गुण म्हणजे सव्वादोनची सरासरी. सव्वादोन! ज्या मुलीने पहिल्या सत्रात तीन मिळवले होते तिच्याकडून सव्वादोन मागितले जात होते. दोन महिने घरातले लोक एखाद्या डोंगराकडे बघावे तसे त्या ईमेलकडे बघत होते, आणि डोंगर होता एवढा. हा हिशेब तिने पत्रात चार ओळींत घातला.

या नियमावर माझे मत काय? सार्वजनिक पैशाला अट असावी, याबद्दल कर्ज विभागात आयुष्य घालवलेल्या माणसाला शंका नाही. आपल्याकडेही आहे. केंद्र सरकारच्या महाविद्यालयीन शिष्यवृत्तीला नूतनीकरणासाठी ५० टक्के गुण आणि ७५ टक्के हजेरी लागते. बँकांच्या २००१ सालच्या आदर्श शैक्षणिक कर्ज योजनेतही मुलाचा अभ्यासक्रम लांबला तर दोन वर्षांपर्यंत मुदत वाढवून देता येते, आणि कारण त्याच्या हाताबाहेरचे असेल तर मंजुरी देणारा अधिकारी त्यापुढेही विचार करू शकतो. हे कलम मी वापरलेले आहे. पण ते वापरले जायचे ते मुलाचा बाप शाखेत येऊन बसला तर. जो संकोचाने आलाच नाही, त्याच्या खात्यावर लाल शेरा. तिकडचे अपीलही त्याहून फार वेगळे नाही. ज्याला फॉर्म सापडला, ज्याच्या घरात दोन प्रश्नांतला फरक समजणारे कुणी आहे, तो वाचतो. कोलंबिया विद्यापीठाच्या टीचर्स कॉलेजमधल्या ज्युडिथ स्कॉट-क्लेटन यांनी सहकाऱ्यासोबत कम्युनिटी कॉलेजांमध्ये या अटींचा अभ्यास केला, तेव्हा परिणाम दुहेरी दिसले. टिकून राहिलेल्या काहींचे गुण सुधारले आणि काहींनी कॉलेजच सोडले. सोडणाऱ्यांपैकी किती जण पार्किंगमधल्या गाडीत झोपत होते, हे गुणपत्रकावरून कळण्याजोगे नाही.

२०२० साली करोनाच्या वेळी अमेरिकेने एक शहाणपणा केला होता. त्या आपत्तीमुळे अर्धवट राहिलेले विषय वेगाच्या हिशेबातून वगळण्याची कॉलेजांना मुभा दिली. अख्ख्या देशावर आलेले संकट एकदम दिसते. एका घरावर आलेले संकट ज्याचे त्याने लिहून दाखवावे लागते, पुराव्यानिशी, सव्वा पानात.

पत्र जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात गेले. उत्तर यायला पाच आठवडे लागले. त्या काळात भाची रोज सकाळी मुलीला ईमेल बघायला लावत असे आणि मुलगी रोज सांगत असे की आई, ते सुटीच्या दिवशी पाठवत नाहीत. बिलाची मुदत जवळ आल्यावर जावयांनी हप्त्यांची सोय विचारून ठेवली. पहिला हप्ता भरायला त्यांनी इथल्या पतसंस्थेतली जुनी ठेव मोडायची तयारी केली होती. मी परतीच्या विमानात बसलो तोपर्यंत काहीच कळले नव्हते. मुंबईत उतरून फोन सुरू केला तेव्हा मुलीचा निरोप आलेला होता. अपील मान्य, एका सत्राचे प्रोबेशन, अट म्हणून बारा क्रेडिटपैकी एकही विषय सोडायचा नाही आणि सरासरी २.२५च्या खाली जाऊ द्यायची नाही. तीन ओळी. कारणांचा उल्लेखही नव्हता.

डिसेंबरात निकाल लागला. तीन विषयांत 'बी', एका विषयात 'सी'. एकूण सरासरी २.१. मदत पूर्ववत झाली. भाचीने फोनवर आकडे वाचून दाखवले आणि मग आवाज खाली आणून विचारले, "मामा, तो 'सी' कसला आहे रे? ती सांगत नाहीये." मी म्हटले, विचारू नकोस. ती म्हणाली, "नाही विचारत." पलीकडून मुलीचा आवाज आला, "स्टॅटिस्टिक्स आहे, आई. आणि मला ते आवडलंय."